खुबेकोटावरचे रोडगे

माझे भाऊजी जानराव यांनी साठी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिंभोऱ्याचं धरण, तेही एसटीच्या खिडकीतून. पण समुद्रकाठच्या एका किल्ल्याचा इतिहास मात्र त्यांना तोंडपाठ होता. खुबेकोट त्याचं नाव. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी, जुन्या बंदरावर नजर ठेवायला बांधलेला लहानसा कोट. गावात कोणी नुसतं 'काय जानराव' म्हटलं तरी ते खुबेकोटाच्या वेढ्यापासून सुरू व्हायचे, आणि समोरच्याची गाय पान्हा चोरून उभी असली तरी त्याला सोडायचे नाहीत.

मी अचलपूर डेपोत कंडक्टर होतो. जन्मभर लोकांच्या गप्पा फुकट ऐकल्या. माणूस खरं बोलतो की थापा हाणतो, हे मला तिकीट फाडता फाडता कळायचं. तरी हा इतिहास मी अख्खं वर्ष कान देऊन ऐकला आणि मला काही म्हणता काही कळलं नाही.

तो सांगायचा माझा भाचा, नितेश. माझी धाकटी बहीण मनकर्णा आणि जानराव यांचा एकुलता एक मुलगा. पोट्टा गुणी, पण त्याचा पाय परगावी टिकायचा नाही. पोलीस भरतीत धावला, यादीत नाव आलं नाही. नागपूरला एका गोदामात लागला, सोडून आला. पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात लागला, तेही सोडून आला. रिद्धपूरच्या अलीकडे आमच्या गावच्या फाट्यावर पुंजारामची चहाची टपरी आहे. तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "नितेश जाते तवा वापसीचं तिकीट बी काढूनच जाते." लोक हसायचे. जानरावही हसायचे, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलेलं असायचं.

मग एका खासगी एजन्सीकडून ही नोकरी चालून आली. खुबेकोटाच्या भिंतींची डागडुजी चालली होती, तिथलं सामान राखायला माणूस हवा होता. गोदाम राखायची नोकरी असती तर जानरावांनी तोंड वाकडं केलं असतं. पण किल्ला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांना किल्ल्यांचं पहिल्यापासून वेड. दरवर्षी एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याची गाडी धरून गाविलगडावर जायचं, हा त्यांचा नेम. नितेश लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन जायचे आणि पडक्या भिंतींपुढे उभे राहून त्याला सगळं सांगायचे. संत्र्याच्या बागेत माकडं राखायला बसले की पोराला झोप लागू नये म्हणून पुन्हा त्याच गोष्टी. त्यातल्या किती खऱ्या हे त्यांचं त्यांना ठाऊक.

नितेश तिकडे गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. मी तेव्हा बागेतच होतो. जानरावांनी फोन खाटेवर मोकळा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"बाबा, अठी काईच नाई," नितेश म्हणाला. "चार भिती अन एक बुरूज. बाकी खेकडेच खेकडे. प्याचं पाणी बी गावातून आणा लागते. मी वापस येतो."

जानरावांनी फाट्याच्या दिशेनं पाहिलं. त्यांना पुंजारामची टपरी दिसत असावी.

"किल्ला कधी रिकामा नसते बापू," ते म्हणाले. "पाहणाऱ्याले पाहता नाई आलं म्हणजे तो रिकामा दिसते. नीट पाह्य. लोकाईले इचार. अन काय सापडलं ते मले रोज सांगत जा. पण म्या ये म्हणल्याबिगर किल्ला सोडजो नको."

"बरं," नितेश म्हणाला.

त्यानंतर दोन-तीन दिवस फोन नाही. आणि मग एका संध्याकाळी खुबेकोटाचा इतिहास सुरू झाला.

त्या कोटावर एक किल्लेदार होता. त्याच्या नावाची नोंद नाही. लांबच्या काळ्या मातीच्या मुलखातून आलेला. निघताना बापानं त्याला बजावलं होतं, मी निरोप धाडल्याशिवाय किल्ला सोडायचा नाही. बंदरात गलबतं यायची, त्यांची राखण करायची. पुढे शत्रूनं वेढा घातला. अख्खा पावसाळा कोट अडकून पडला. दारूगोळा संपला तेव्हा किल्लेदाराच्या माणसांनी तटावर उभं राहून गोफणी फिरवल्या आणि शत्रूच्या होड्या दगडांनी पिटाळून लावल्या. हे ऐकताना जानराव खाटेवरून उठून उभे राहायचे. रोज फोन ठेवायच्या आधी नितेश कुठेतरी अडकवून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी माकडं गेली खड्ड्यात, भाऊजी सूर्य कलायच्या आधीच फोन हातात घेऊन बसलेले.

वेढा उठला त्या दिवशीची हकिगत तर त्यानं दोन संध्याकाळी सांगितली. किल्लेदारानं उरलासुरला गहू बाहेर काढला आणि साऱ्या कोटाला रोडग्यांचं जेवण दिलं. कणकेत हळद घातली, तेलाचं बोट लावून पदर घडवले, गोल करून गोवऱ्यांच्या विस्तवात पुरले. राख झटकली, वरून तूप सोडलं, सोबत तर्रीची वांग्याची भाजी. बागेत बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. बहिरमच्या यात्रेत अस्सेच रोडगे खाल्ले होते, असं पुंजाराम म्हणाला. किल्लेदार आता आमचाच माणूस झाला होता.

पण वेढा उठल्यावर त्या इतिहासात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. किल्लेदार दर काही दिवसांनी बापाकडे माणूस पाठवायचा. शत्रू गेला आहे, येऊ का? पाऊस सरला आहे, येऊ का? बंदर शांत आहे, येऊ का? आणि बापाचं उत्तर काही यायचं नाही.

"मोठा कडक बाप दिसते," जानराव म्हणायचे. "पण बरोबर हाय त्याचं. किल्ला म्हणजे का खेळ हाय?"

मनकर्णा तिथेच खाली बसून तूर निवडत असायची. ती हात थांबवून त्यांच्याकडे बघायची. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाली, "पोराले बोलवून घ्या."

"आता काहून?" जानराव म्हणाले. "आता कोठी जीव रमून राहिला त्याचा. पाह्यलं नाई, कसा रंगून सांगते?"

ती पुन्हा तूर निवडू लागली. आमच्या बहिणीचं हेच. एकदा सांगणार, दुसऱ्यांदा नाही.

भाद्रपद लागला होता. दिवसभर बारीक पाऊस. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा तिकडेही पाऊस असावा, आवाज तुटत होता. किल्लेदाराला राहवलं नव्हतं. बापाचा निरोप आला नव्हता तरी त्यानं डोक्याला पागोटं बांधलं होतं.

"दिंडी दरवाजा उघडला बाबा त्यानं," नितेश सांगत होता. "एक पाय भायेर टाकला. अन मंग—"

फोन बंद झाला.

"रेंज गेली," जानराव म्हणाले. त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला, मग काढून पुन्हा पाहिला. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. उद्या कळेल म्हणून उठलो.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या माणसाचा फोन आला. नितेश बुरजावरून पाय घसरून खाली खडकांवर पडला होता.

त्याला ॲम्ब्युलन्सनं घरी आणलं. त्याबद्दल मी लिहीत नाही. मला लिहिता येत नाही.

जानराव रडले, जसा बाप रडतो तसे रडले. पण पंधरा दिवसांनी भेटायला आलेल्या माणसांना ते सांगू लागले, "किल्लेदार घरी गेला का नाई, तेवढं राहून गेलं." मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलं असेल, निवळेल. पण महिने गेले तरी तेच. कापूस वेचून झाला, संत्री उतरली, भाऊजी आपले त्या दिंडी दरवाज्यात उभे. एक पाय बाहेर टाकला, मग काय झालं? तो इतिहासच आहे, म्हणजे तिथल्या कोणाला तरी माहीत असणारच, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा संताप यायचा. पोटचा पोरगा गेला आणि या माणसाला किल्लेदाराची पडली आहे. एकदा मी त्यांना तसं तोंडावर बोललोही.

मनकर्णानं तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. भांडण नाही, काही नाही. ताट वाढायची आणि अंगणात निघून जायची. ती सगळ्यांसमोर रडलीही नाही. बायका म्हणायच्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही. पण तिला कोण रडवणार.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ती एक दिवस आपणहून जानरावांसमोर येऊन उभी राहिली.

"तुमी तठी जा," ती म्हणाली. "किल्लेदाराचं काय झालं ते इचारून या. मले बी ऐकाचं हाय."

जानरावांना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी धड वाक्य बोलली होती, आणि तेही नेमकं त्यांच्या मनातलं. निघताना तिनं एक फडक्यातलं गाठोडं दिलं. "रस्त्यानं सोडजा नोका," ती मला म्हणाली. "माह्या पोराच्या जागी नेऊन ठेवजा."

बडनेऱ्याच्या पुढे जानराव एकटे हरवले असते, म्हणून मी सोबत गेलो. रेल्वे झाली, मग दोन एसट्या. कोकणातल्या त्या रस्त्यांवर कंडक्टरकी करणाऱ्याला माझा दंडवत, गाडी सरळ अशी चालतच नाही. जानराव खिडकीशी बसून मला वेढ्याची हकिगत सांगत होते, मी वर्षभर ऐकलेलीच. कुठे काय बघायचं हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. किल्लेदाराची खोली. गोफणी फिरवल्या तो तट. दिंडी दरवाजा.

खुबेकोट आमच्या गावच्या कोंडवाड्यापेक्षा थोडा मोठा असेल. ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं, भरतीला वाट बुडते. बंदर म्हणून जे काही होतं तिथे नुसता चिखल आणि त्यात आडव्या पडलेल्या दोन होड्या. जानरावांनी समुद्राकडे एकदा बघितलं आणि नजर लगेच कोटाकडे वळवली, जसा माणूस वाटेतल्या अनोळखी माणसाला बघून पुढे जातो.

तिथे सागर भेटला. नितेशच्या जोडीचा राखणदार, खाली खाडीवरच्या कोळीवाड्यातला. नितेशला खडकांवरून यानंच उचलून आणलं होतं. तो जानरावांच्या पाया पडला आणि खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानं आम्हाला पत्र्याची खोली दाखवली, ते दोघं राहायचे ती. भिंतीवर खिळा होता. नितेशचा शर्ट या खिळ्याला असायचा, तो म्हणाला. त्या खिळ्याला त्यानं वर्षभर काही अडकवलं नव्हतं. जानरावांनी खिळ्यावरून बोट फिरवलं.

"किल्लेदाराची खोली कोणती?" त्यांनी विचारलं.

"कोणाची?"

"किल्लेदाराची. अन दिंडी दरवाजा कोठी हाय?"

सागरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे दाखव बाबा जे असेल ते. तो आम्हाला मागच्या भिंतीशी घेऊन गेला. तिथे वाकून जाता येईल एवढी एक वाट होती, दगडी चौकटीची. तिच्यातून पलीकडचे खडक दिसत होते.

"याचं दार?" जानरावांनी विचारलं.

"दार नाहीच काका. माझ्या आजोबांनीसुद्धा पाहिलं नसेल."

जानराव त्या चौकटीत जाऊन उभे राहिले. हळूच एक पाय बाहेर ठेवला. तसेच उभे राहिले, एक पाय आत, एक पाय बाहेर. मग मागे वळून म्हणाले, "अन रोडगे कोठी केले होते?"

"रोडगे?" सागर म्हणाला. "हे नाव नितेश घ्यायचा. दिवाळीला तुला गावी नेतो, रोडगे खाऊ घालतो म्हणायचा. ते काय असतं, काका?"

जानराव सांगू लागले. गव्हाची कणीक, हळद, तेलाचं बोट, गोवऱ्यांचा विस्तव. वेढा उठला तेव्हा अख्ख्या कोटानं खाल्ले होते. सागर ऐकत होता आणि त्याचा चेहरा अवघडत चालला होता. पोरगा भला होता. त्याला म्हाताऱ्याचं मन मोडायचं नव्हतं.

"काका, इथे गहू कोण खातो?" तो शेवटी म्हणाला. "आम्ही भात नि मासे. आणि या खडकावर गुरं नाहीत, शेण नाही, गोवऱ्या कुठून येणार?"

मला गाठोड्याची आठवण झाली. मी पिशवीतून काढून सोडलं. आत रोडगे होते. हळदीचे, विस्तवाचे काळे डाग पडलेले, मनकर्णाच्या हातचे. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि इतकं उशिरा कळलं म्हणून स्वतःची लाज वाटली. गोफणी आमच्या. गोवऱ्या आमच्या. वांग्याची भाजी आमची. त्या साऱ्या इतिहासात होड्या-गलबतांची नावं सोडून समुद्राचं काहीच नव्हतं. वारा कसा, लाटा कशा, मासे कसे, एक शब्द नाही. पोरगा समुद्राकडे पाठ करून गावच सांगत होता. आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण आनंद झाला की माणसं रोडगे करतात हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. दुसरं काही करत असतील असं मनातच आलं नाही.

जानराव मात्र अजून सोडायला तयार नव्हते. "मंग अठला इतिहास काय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"इतिहास असा काही नाही, काका. लढाई-बिढाई कोणी सांगत नाही. बंदरावर लक्ष ठेवायला चार माणसं असायची. पुढे बंदर गाळानं बुजलं, गलबतं यायची थांबली, मग ती माणसं गेली आपापल्या घरी. एवढंच म्हातारे सांगतात."

"घरी गेली? कोणाचा हुकूम आला होता?"

सागर जरासा हसला. "हुकूम कशाला लागतो, काका? राखायला काही उरलंच नव्हतं."

जानराव जवळच्या दगडावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून फोन काढला. मनकर्णाला कळवायचं असेल. तिथे रेंज नव्हती.

"इथे नाही मिळत," सागर म्हणाला. "फक्त तिथे, वर." त्यानं बुरजाच्या टोकाकडे बोट दाखवलं. पायऱ्या तुटलेल्या होत्या, दगडांवर हिरवं शेवाळ होतं. "रोज संध्याकाळी चढायचा. मी किती वेळा सांगितलं, पावसात नको जाऊ. म्हणायचा, बाबा वाट पाहून राहिले असतील."

सागरला कळलं नाही आपण काय बोललो ते. मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं, पण बोलणं होऊन गेलं होतं. जानराव त्या बुरजाकडे बघत होते. किती तरी वेळ बघत होते.

"गोपालभाऊ," ते म्हणाले. "तो मले रोज इचारून राहिला होता."

"काय, भाऊजी?"

"येऊ का म्हणून."

मग ते रडले. वर्षापूर्वी रडले होते तसे नाही. तेव्हा चारचौघांनी धरलं होतं, आता धरायला मी एकटा होतो आणि मला धरता येत नव्हतं. वर्षभर मी या माणसावर चिडून होतो. त्या दगडापाशी माझा सगळा राग गेला, आणि गेला तर बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही बरं वाटलं नाही.

भरती सुरू झाली होती. सागरनं एक रोडगा मागून घेतला आणि आमच्यासमोर तोडून खाल्ला, सगळा. बाकीचे आम्ही बुरजाच्या पायथ्याशी दगडावर ठेवले. पाणी चढायच्या आत खडकांवरून परत आलो. जानराव दोनदा घसरले, दोन्ही वेळा सागरनं धरलं.

परतीच्या गाडीत बसलो. भुसावळ मागे पडल्यावर मीच विषय काढला. मनकर्णा विचारणार, तिला काय सांगायचं?

"किल्लेदार घरी गेला असं सांगू," मी म्हणालो. "बापाचा निरोप आला, तो गेला, मायले भेटला. तिच्या जिवाले बरं वाटन."

जानरावांनी मान डोलावली. थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "शिवेवर त्याची माय उभी होती असं सांगू." अकोला येईपर्यंत त्यांनी त्यात आणखी भर घातली. बैलगाडी होती, तुतारी होती. मग तुतारी काढून टाकली. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा किल्लेदार व्यवस्थित घरी पोचलेला होता.

आम्ही घरी आलो तेव्हा दुपार टळली होती. मनकर्णानं पाय धुवायला पाणी दिलं. मी दारातच उभा राहून रुमालानं तोंड पुसत होतो. जानराव ओसरीवर टेकले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं प्रवासाचं काही विचारलं नाही.

"काय झालं किल्लेदाराचं?"

जानरावांनी वर बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सांगा भाऊजी, बैलगाडी सांगा, शिवेवरची माय सांगा. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

"नाई गेला तो घरी," ते म्हणाले. "त्याच्या बापानं येऊ नाई देलं त्याले."

मनकर्णा हलली नाही.

"बापाले समजलंच नाई तो काय इचारून राहिला ते," जानराव म्हणाले. "इतिहास ऐकत बसला बाप."

"मले समजलं होतं," ती म्हणाली. "रोडग्याची कणीक कशी मळतेत, ते त्यानं मलेच इचारलं होतं फोनवर. बाबाले सांगू नको म्हणे. बाबा खूश असतेत म्हणे." ती थांबली. "म्या म्हणलं होतं तुमाले. पोराले बोलवा म्हणलं होतं."

"म्हणलं होतं तू."

"एकडाव म्हणलं होतं म्या. रोज म्हणाले पाह्यजे होतं."

आणि मग तिला रडू आलं. वर्षभर जे आलं नव्हतं ते आलं, आणि ती भिंतीला धरून खाली बसली, जानरावांच्या अगदी शेजारी. मला पुढे व्हावंसं वाटलं, पण ती जागा माझी नव्हती. जानरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले.

"आता म्हणा," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"ये म्हणा त्याले."

जानरावांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग अंगणाकडे तोंड केलं.

"ये बापू," ते पुटपुटले.

"जोरानं म्हणा. लांब हाय तो."

"ये बापू," जानराव मोठ्यानं म्हणाले. "सोड तो किल्ला. ये घरी."

पलीकडच्या घरातून कोणीतरी डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेलं. मी अजून दारातच, वाट अडवून उभा होतो. मी बाजूला झालो.